पाळणा उलटा फिरतो का?

चौकशीच्या खिडकीशी पहिल्या दिवशी जो पहिला माणूस आला, त्याने विचारलं, "बाई, चौकशी कुठे करायची?"

खिडकीच्या वर हातभर अक्षरांत 'चौकशी' लिहिलेलं होतं. दोन्ही बाजूंना लाकडात कापलेले हात होते आणि त्या हातांची बोटं खिडकीकडेच वळलेली होती. ती बावरली. नवीन नोकरी, अंगात कडक इस्त्रीचा निळा शर्ट, खिशावर चकचकीत बिल्ला. आपली परीक्षा घ्यायला वरून कुणी पाठवलंय की काय, असं तिला वाटलं. उभी राहून ती म्हणाली, "इथेच करायची."

"बरं झालं, सापडलं एकदाचं," असं म्हणून तो माणूस काहीही न विचारता निघून गेला.

त्या खिडकीत तिची उभी हयात गेली. तिचं खरं नाव पगाराच्या पाकिटावर तेवढं उरलं. झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला चौकशीताई म्हणत.

पार्क तसं जुनं होतं. मधोमध तळं, तळ्याच्या काठाने फिरणारी छोटी आगगाडी, एक भूतबंगला, एक आरसेमहाल, पाण्याची घसरगुंडी, आणि कुठूनही बघितलं तरी दिसणारा आकाशपाळणा. बाहेरच्या जगात ज्याला कुणी टोपी घालू शकणार नाही, असा माणूससुद्धा एकदा फाटकातून आत आला की आपलं डोकं तिकीटघरात जमा करून आल्यासारखा वागायचा. चांगले सुटाबुटातले, चष्मेवाले, हाताखाली दहा माणसं बाळगणारे लोक खिडकीत वाकून विचारायचे, "आगगाडी गोल फिरून इथेच येते म्हणता, मग आम्हाला तिकडे जायचंय तर कुठे बसू?" भुरभुर पाऊस लागला तेव्हा एका गृहस्थाने छत्री बंद करत विचारलं होतं, "हा पाऊस तुमचा आहे की खरा?" एक बाई धापा टाकत आली. नवरा आरसेमहालात हरवला होता. चौकशीताईने माईक हातात घेतला आणि विचारलं, "दिसायला कसे आहेत?" बाई जरा विचारात पडली, मग म्हणाली, "आत गेले तेव्हा बारीक होते."

हसायचं नाही, हा नोकरीचा पहिला नियम. चौकशीताईने गालांना आतून दात लावून धरायची सवय करून घेतली होती. तोंड गंभीर, आवाज गोड, आणि उत्तर असं, की विचारणाऱ्याला आपण काही भलतंच विचारलंय असं वाटू नये. आरसेमहालातल्या नवऱ्यासाठी तिने माईकवर शर्टाच्या रंगावरून हाक दिली होती. माणूस सापडला, आणि तो बारीक वगैरे मुळीच नव्हता.

हसणं साठवून ठेवायचं ते दुपारपर्यंत. भूतबंगल्याच्या मागे एक खोली होती. मोडके लाकडी घोडे, रंग उडालेली भुतांची तोंडं, जुन्या दिव्यांच्या माळा, असला सगळा पसारा तिथे ठेवलेला असे. त्या पसाऱ्यात तिघे डबे उघडून बसायचे. चौकशीताई, अस्वलभाऊ आणि गरगरे.

अस्वलभाऊ म्हणजे अस्वलाच्या पोशाखात दिवसभर फिरणारा माणूस. अंगाने आडवा, मनाने लोण्याचा गोळा. पोशाखात असताना बोलायचं नाही अशी सक्त ताकीद होती, त्यामुळे लोक काहीही विचारोत, हा नुसती मान हलवायचा. गरगरे हे काही त्याचं आडनाव नव्हे. आकाशपाळण्याचा दांडा त्याच्या हातात असायचा, म्हणून कुणीतरी गमतीने गरगरे म्हटलं आणि ते इतकं चिकटलं, की त्याच्या घरी पाहुणेसुद्धा "गरगऱ्यांचं घर कुठलं?" असं विचारत यायला लागले. उंच, काटकुळा, तोंडाने फटकळ.

दुपारी स्पर्धा लागायची. सकाळपासून कुणाला सगळ्यात येडपट प्रश्न आला?

"मला आज एकाने विचारलं," अस्वलभाऊ रुमालाने मान पुसत सांगायचा, "तुम्ही उन्हाळ्यातपण असेच असता का? मी काय करणार, मान हलवली. तर बायकोला म्हणतो, बघ, बिचाऱ्याला सवय झालीय."

"माझ्याकडचं ऐका," गरगरे म्हणायचा. "एक जण म्हणाला, हा पाळणा उतरवतो कुठे? मी म्हटलं, जिथे बसलात तिथेच. तर म्हणतो, मग बसायचं कशाला?"

"बरोबर बोलला की," चौकशीताई म्हणायची आणि मग तिघांनाही ठसका लागेपर्यंत हसू यायचं. पलीकडून भूतबंगल्याची हडळ भिंतीवर थापा मारायची. ती साधीभोळी बाई होती, पण तिचं म्हणणं खरं होतं. आत घाबरायला आलेल्या लोकांना भिंतीपलीकडून खिदळणं ऐकू आलं तर तिने कुणाला आणि कसं घाबरवायचं?

घरी गेल्यावर हेच सगळं पुन्हा एकदा, सासूबाईंसाठी. सासूबाई कडक. चौकशीताई लग्न होऊन घरात आली तेव्हापासून त्यांच्या तोंडून तिच्याबद्दल बरा शब्द निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भाजी खारट, पडदे मळलेले, बोलणं मोठ्याने. पण तिला ही नोकरी लागली आणि चमत्कार झाला. संध्याकाळी ती दारात चपला काढतेय तोवर आतून आवाज यायचा, "काय गं, आज काय विचारलं वेड्यांनी?" मग भाजी निवडता निवडता ती सांगायची आणि सासूबाई तोंडावर हात धरून, खांदे हलवत, आवाज न करता हसायच्या. नवरा पेपराआडून म्हणायचा, "आई, औषध घेतलंस का?" त्यावर त्या म्हणायच्या, "थांब रे, हिचं संपू दे."

थंडीचे दिवस होते. आडवार, गर्दी नाही. खिडकीशी एक आजोबा आले. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केस पाणी लावून नीट बसवलेले. त्यांनी आधी 'चौकशी' हे अक्षरन् अक्षर वाचलं, मग वाकून म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं. पाळणा उलटा फिरतो का?"

चौकशीताईने गालांना आतून दात लावले. "नाही आजोबा. एकाच बाजूने फिरतो."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"बरं," ते म्हणाले. अजून काही बोलावंसं त्यांना वाटत होतं, पण मागे एक कुटुंब येऊन उभं राहिलं, तसे ते बाजूला झाले.

दुपारी हा प्रश्न बाकीच्यांच्या फार पुढे गेला. गरगरे तर डबा बाजूला ठेवून हसला. "उलटा! म्हणजे माणसं आधी उतरणार आणि मग बसणार!" अस्वलभाऊने लगेच दोन्ही हात फिरवून उलट्या पाळण्याची नक्कल करून दाखवली.

संध्याकाळी तिने घरी तेच सांगितलं. सगळ्या हातवाऱ्यांसकट. पण सासूबाई हसल्या नाहीत. हातातली शेंग तशीच धरून त्यांनी विचारलं, "मग?"

"मग काय?"

"उलटा कशाला हवा होता त्याला?"

"ते नाही विचारलं."

"का नाही विचारलंस? म्हातारा माणूस एवढ्या थंडीत कोट घालून तुझ्या खिडकीशी आला. उगाच आला का? तुझं कामच चौकशीचं ना? मग कर की चौकशी."

सासूबाईंचं बोलणं लागायची तिला सवय होती, पण या वेळचं जरा निराळ्या जागी लागलं. पुढचे काही दिवस ती खिडकीतून कोटवाल्या आजोबांना शोधत राहिली.

ते आले. या वेळी तिने त्यांना बोलूच दिलं नाही. खिडकीची फळी वर करून बाहेर आली आणि म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी माझं विचारायचं राहून गेलं. पाळणा उलटा कशाला हवाय तुम्हाला?"

आजोबांनी तळ्याच्या बाजूला बोट दाखवलं. पाळण्यासमोरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. गळ्याभोवती लोकरीचा मफलर, मांडीवर पर्स, आणि पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"आमची ही," आजोबा म्हणाले. "हल्ली तिला आठवत नाही. घरातलं सगळं हळूहळू पुसलं गेलंय. मला कधी भाऊ समजते, कधी शेजारचे कुणीतरी. पण हा पाळणा आठवतो. लग्नाआधी आम्ही इथे यायचो. तिच्या घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून यायची. रोज सकाळी उठली की म्हणते, पाळण्यात बसायला चला. मी घेऊन येतो. इथवर छान येते, आणि जवळ आली की थबकते. म्हणते, हा आपला नाही. आपला पाळणा तळ्याकडून वर चढायचा, हा उलटा आहे. आणि मग रडायला लागते. समजूतच पटत नाही."

बाकाकडे बघत ते पुढे म्हणाले, "मला वाटायचं, तिचाच गोंधळ होतोय. पण खरं सांगू का, मलाही आठवेना. तेव्हा माझं पाळण्याकडे लक्ष कुठे असायचं! म्हटलं, विचारून बघावं. वेड्यासारखं वाटलं विचारताना, पण तुम्ही हसला नाहीत."

चौकशीताईला कुठे तोंड लपवू असं झालं.

पाळणा रिकामाच फिरत होता. ती तडक गरगऱ्याकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्याने नेहमीसारखा काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"म्हातारी बरोबर बोलतेय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी लागायच्या आधीची गोष्ट आहे. जुनी मोटर जळाली, नवीन बसवली, तेव्हा रांग दरवाजाच्या बाजूला घेतली आणि पाळण्याची चाल फिरवली. माझ्या आधी जो दांड्यावर होता, तो सांगायचा. म्हणायचा, पूर्वी वर जाताना आधी तळं यायचं आणि मग गाव. आता आधी गाव येतं." त्याने बाकावरच्या आजींकडे बघितलं. "सगळं पुसलं गेलं म्हणतेस आणि हे बरं लक्षात राहिलं."

"मी कुठे म्हणतेय? आजोबा म्हणतात. मग, फिरतो का उलटा?"

"फिरतो. रोज सकाळी तपासणीला दोन्हीकडून फिरवतो मी. पण रिकामा. माणसं बसवायची नाहीत, असा नियम आहे. साहेबांना कळलं तर माझी चामडी सोलतील."

गरगरे बराच वेळ दांड्यावरचा घाम नसलेला हात पुसत राहिला.

"उद्या फाटक उघडायच्या आधी आण त्यांना," शेवटी तो म्हणाला. "आणि त्या अस्वलाला फाटकाशी उभा कर. कुणी आलं तर निदान मान तरी हलवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर धुकं होतं. खेळांवरची ताडपत्री अजून निघाली नव्हती. अस्वलभाऊ पोशाख चढवून, अस्वलाचं डोकं काखेत धरून मागच्या फाटकाशी उभा होता. त्याने आजोबा-आजींना आत घेतलं. आजींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमचं डोकं कुणाचं आहे?" अस्वलभाऊ त्या प्रश्नाने इतका गांगरला, की त्याने खरंच मान हलवली.

गरगऱ्याने पाळणा सुरू करून ठेवला होता. सावकाश, रिकामे डबे एकामागून एक तळ्याच्या बाजूने वर चढत होते. आजी थबकल्या. आजी मान वर करून बघत राहिल्या. एक डबा वर गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

"हा आपला," आजी म्हणाल्या, जणू इतके दिवस कुणीतरी दुसराच पाळणा समोर आणून त्यांना फसवत होतं.

त्यांनी पर्स आजोबांच्या हातात दिली आणि दुसऱ्या हाताने चौकशीताईचं मनगट पकडलं. "तू पण चल गं. मी एकटी परक्या माणसाबरोबर बसणार नाही. आमच्या घरी चालत नाही."

आजोबा हसले. "चला तुम्हीपण. मी परका आहे खरा."

डबा हलला. चौकशीताई पाळण्यात याआधीही बसली होती, पण ही चाल तिला नवीन होती. पाठीमागून कुणीतरी अलगद उचलावं तसं वाटलं. खाली बाक गेलं, भूतबंगल्याचं छप्पर गेलं आणि मग एकदम तळं पसरलं. धुक्याखाली पाणी करडं दिसत होतं आणि त्यावर कुठे कुठे उजेडाचे ठिपके पडले होते.

आजी समोर बसलेल्या आजोबांना निरखत होत्या. "तुम्ही इथे नेहमी येता?" त्यांनी विचारलं.

"पूर्वी यायचो," आजोबा म्हणाले.

"एकटेच?"

"नाही. एका मुलीबरोबर."

"अगंबाई. मग लग्न झालं का तिच्याशी?"

"झालं ना."

"कशी आहे?"

आजोबांनी मांडीवरची पर्स जरा सरळ केली. "चांगली आहे. जरा विसराळू आहे."

"सांभाळून घ्या हो," आजी म्हणाल्या. मग त्या चौकशीताईकडे वळल्या आणि तिच्या कानाशी येऊन, पण आजोबांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माणूस बरा वाटतो गं. ह्याच्यासारखाच एक माझ्याबरोबर येतो. आज कुठे राहिला कोण जाणे."

"येतील," चौकशीताई म्हणाली. आजोबा तोंड फिरवून तळ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं की दुसरं काही, ते धुक्यात तिला दिसलं नाही. माथ्यावर डबा जरासा झुलला, तेव्हा आजींनी लहान मुलीसारखी किंकाळी फोडली आणि आजोबांचा हात पकडला. खाली येईपर्यंत तो त्यांनी सोडला नाही.

गरगऱ्याने त्यांना उतरवलंच नाही. आणखी एक फेरी, आणखी एक. तिसऱ्या वेळेला वरून चौकशीताईने बघितलं, तर मागच्या फाटकाशी अस्वलभाऊ जोरजोरात मान हलवत होता आणि त्याच्या समोरून मोठे साहेब झपाझप पाळण्याकडे येत होते.

साहेब कडक होते, पण दुष्ट नव्हते. पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. म्हणून ते पाळण्याखाली उभे राहून आजी-आजोबा उतरेपर्यंत थांबले. मग दबक्या आवाजात म्हणाले, "गरगरे, हा पाळणा उलटा का फिरतोय?"

गरगऱ्याची जीभ वळवळलीच. "साहेब, चाकाला उलटं-सुलटं काय असतं? तुम्ही पलीकडे जाऊन उभे राहा, सुलटा दिसेल."

तिथेच फसलं. नुसती माफी मागितली असती तर कदाचित बोलण्यावर निभावलं असतं. तो सगळा हंगाम गरगऱ्याची रवानगी पार्कच्या बाहेर, गाड्या लावायच्या मैदानात झाली. चौकशीताई आणि अस्वलभाऊ दोघंही साहेबांकडे जाऊन आले, आम्हीही त्यात होतो म्हणाले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माणसं बसलेली असताना काही झालं असतं, तर मी त्यांच्या मुलांना काय सांगितलं असतं? ते सांगा आधी."

आजोबांना कुठूनतरी कळलं. ते मैदानात जाऊन गरगऱ्याला भेटले, माझ्यामुळे झालं म्हणाले. रणरणत्या उन्हात, डोक्यावर ओला रुमाल टाकून गरगरे त्यांना म्हणाला, "छे हो आजोबा, उलट बरं झालं. तिकडे दिवसभर मान वर करून मान दुखायची." मग त्याने आजींबद्दल विचारलं. आजी आता पाळण्याचं नाव काढत नाहीत, असं आजोबांनी सांगितलं. बसून झालं, मन भरलं, असं काहीतरी असावं. सकाळी उठून खिडकीशी बसतात आणि कधी मध्येच म्हणतात, धुकं किती छान होतं नाही?

"म्हणजे ते लक्षात राहिलं," गरगरे म्हणाला.

"तेवढं राहिलं," आजोबा म्हणाले.

चौकशीताईने घरी जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या त्या दांडेवाल्यासाठी डब्यात जास्तीचं घाल. उन्हात उभा असतो ना?" आणि पुटपुटल्यासारखं, भाजीच्या ताटाकडे बघत, "बरं केलंस." तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण पुन्हा विचारायची तिची हिंमत झाली नाही.

हंगाम संपला आणि गरगरे पाळण्यावर परत आला. मैदानातले प्रश्न मात्र तो पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून सांगायचा. "माझी गाडी पांढरी आहे, कुठे असेल?" असं विचारणाऱ्यांची तर त्याच्याकडे गणतीच नव्हती.

वर्षं कशी गेली ते कळलं नाही. सासूबाई गेल्या, आणि संध्याकाळी चपला काढताना आतून आवाज न येण्याची सवय व्हायला चौकशीताईला फार दिवस लागले. अस्वलभाऊचे गुडघे धरले, पोशाखात दुसराच कुणी आला, आणि भाऊ तिकीट फाडायला दारावर बसू लागला. लोक खिशातल्या फोनवर नकाशा बघून हिंडायला लागले. खिडकीशी येणारी माणसं कमी झाली. जी यायची तीही शहाण्यासारखं विचारायची: स्वच्छतागृह कुठे, पाणी कुठे. चौकशीताईला दिवस मोठे वाटू लागले. गर्दीही ओसरत गेली. मग एक दिवस साहेबांनी सगळ्यांना तळ्याकाठी बोलावलं आणि जागा विकली गेल्याचं सांगितलं. सांगताना त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता, आणि तो परत लावायला ते विसरले.

शेवटच्या दिवशी फाटकाबाहेरपर्यंत माणसं होती. लहानपणी आलेले आता आपली मुलं घेऊन आले होते. जो तो पाळण्यासमोर उभं राहून फोटो काढत होता. उन्हं उतरली तेव्हा तिघे खिडकीच्या मागच्या पायरीवर बसले होते. तेवढ्यात एक बाई घाईघाईने आली. हातात दोन पिशव्या, पाठीमागे दमलेली पोरं. "अहो, आज फार गर्दी आहे हो. उद्यापासून बंद होणार ना पार्क?"

"हो," चौकशीताई म्हणाली.

"मग उद्या गर्दी कमी असेल ना?"

गरगऱ्याने मान खाली घातली. अस्वलभाऊने रुमाल तोंडात कोंबला. चौकशीताईने गालांना आतून दात लावले आणि गोड आवाजात सांगितलं, "हो ताई. उद्या अगदी मोकळं असेल."

"मग उद्याच येतो," म्हणत बाई पोरांना ओढत गेली आणि मग त्या पायरीवर तिघं पोट धरधरून हसले. अस्वलभाऊला तर हसता हसता खरंच रडू फुटलं आणि त्याला थोपटता थोपटता गरगरेही नाक पुसू लागला.

"पण ती खरंच आली तर?" जरा वेळाने अस्वलभाऊ म्हणाला.

"येऊ दे की."

"पोरांना घेऊन येईल. विचारायला कुणी नसेल."

चौकशीताईला घरी गेल्यावरही ते डोक्यातून जाईना. आपण तिला सरळ सांगायला हवं होतं, असं वाटत राहिलं. सकाळी ती नवऱ्याला, "जरा पाय मोकळे करून येते," म्हणून निघाली ती थेट पार्कच्या फाटकाशी आली. फाटकाला साखळी होती. 'कायमचे बंद' असा बोर्ड लावलेला. ती कडेच्या कठड्यावर बसली. ऊन वर चढेपर्यंत बसली. बाई काही आली नाही. बहुतेक तिचं तिला उमगलं असावं.

उठावं असं मनात आलं, तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. पुढे एक पोर, मागे एक पोर, मध्ये बाप. त्याने बोर्ड वाचला. पुन्हा वाचला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "बंद आहे का?"

"हो. बंद आहे."

"म्हणजे आज बंद?"

"कायमचं."

"अरेरे," तो म्हणाला. पोरांची तोंडं उतरली. "मग तुम्ही इथे कशा बसलात?"

तिने जरा विचार केला. "कुणी विचारायला आलं तर असावं कुणीतरी."

त्याला ते अगदी पटल्यासारखं त्याने मान डोलावली. "बरं मग सांगा, जवळपास पोरांना खेळायला कुठे काही आहे?"

"आहे ना," ती उठून उभी राहिली. आवाज आपोआप खिडकीतला झाला. "सरळ जा, पेट्रोल पंप लागेल, तिथून डावीकडे. मोठी बाग आहे. झोपाळे आहेत, घसरगुंडी आहे."

"पंपावरून डावीकडे," तो म्हणाला, पोरांना नीट बसवलं, आणि गेला. ती रस्त्याच्या मध्यापर्यंत येऊन बघत राहिली. पंपाशी स्कूटर जराशी थांबली आणि उजवीकडे वळली.

"अहो, डावीकडे!" ती ओरडली, आणि मग चपला सावरत, एवढ्या लांबून ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही, हात हलवत पंपाकडे निघाली.